वसुलीवाले सर दारात येण्याआधी
(अभ्यास पाठ : गटाच्या मासिक बैठकीत वाचण्यासाठी)



या महिन्याचा पाठ बैठकीत मोठ्याने वाचायचा आहे. एकीने वाचा, बाकीच्यांनी ऐका. कुठं पटलं नाही तर तिथंच थांबवा आणि बोला. विषय असा आहे की घरी एकटीने वाचला तर नुसता वाचून होईल.

मागच्या उन्हाळ्यात शेलूबाजारपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात बैठकीला गेले होते. दहापैकी सहाच जणी आल्या. एका ताईला बोलवायला घरी गेले तर दारासमोर कडुनिंबाखाली मोटारसायकल लावून कंपनीचे सर बसलेले. सासू म्हणे, "सूनबाई घरी नाई, माहेरी गेली." मी मागच्या बाजूनं गेले. ताई गोठ्यात, कुटाराच्या ढिगामागं बसून होती. दोन तास. प्यायला पाणीसुद्धा नव्हतं घेतलं, भांड्याचा आवाज होईल म्हणून.

ही ताई आळशी नाही, उधळी नाही. पहिलं कर्ज पोरीच्या प्रवेशासाठी काढलं. दुसरं, पहिल्याच्या किस्ती भरायला. तिसरी किस्त मोबाईलची. आणि त्याच आठवड्यात आणखी एक कंपनी तिला ३०,००० द्यायला तयार होती. ती मला म्हणाली, "मॅडम, हे तीस हजार आले की सगळ्याइचं तोंड बंद होते." तुमच्यापैकी किती जणींनी हेच वाक्य म्हटलं आहे, ते मी विचारत नाही. तुम्हीच मनात मोजा.

लपल्यानं काय होते

मायक्रोफायनान्स कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश १४ मार्च २०२२ ला निघाले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल आणि काही गहाण न ठेवता कर्ज दिलं असेल, तर ते या नियमात येतं. मग ते बँकेनं दिलेलं असो की कंपनीनं.

त्यात वसुलीबद्दल एक गोष्ट लिहिली आहे, ती फार कमी जणींना माहीत आहे. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागीच करायची. म्हणजे आपल्याकडं जिथं सेंटर मीटिंग होते ती जागा. पण ताई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या जागी आली नाही, तर मात्र कर्मचारी घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतो.

म्हणजे काय झालं? आपण शरमेपायी सेंटरवर जात नाही. दोनदा गेलो नाही की सरांना दारात यायची मोकळीक आपणच देतो. गोठ्यात लपलेल्या ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती कपाळावर हात मारून हसली, आणि मग रडली.

म्हणून हातात पुरी किस्त नसली तरी सेंटरवर जा. रिकाम्या हातानं जायचं असलं तरी जा. पण रिकाम्या डोक्यानं जाऊ नका. जाताना एक आकडा घेऊन जा, आपण स्वतः काढलेला. सरांनी आकडा सांगायचा आणि आपण मान हलवायची, हे आजपर्यंत चालत आलं. ते उलटं करायचं आहे.

आकडा कसा काढायचा

वही घ्या. त्या ताईच्या घरी आम्ही तिघींनी, म्हणजे ताई, सासू आणि मी, बसून काढला तो हिशेब असा होता.

पहिल्या कंपनीची किस्त २,२७०. दुसरीची २,०५०. मोबाईलची १,४८०. महिन्याला एकूण ५,८००.

घरात वर्षभराचं मिळून उत्पन्न सुमारे १,२०,०००, म्हणजे महिन्याला सरासरी १०,०००. पण सरासरी कोणाच्या घरी येत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे येतं, तूर संक्रांतीनंतर. उन्हाळ्यात नुसती मजुरी. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात कास्तकारांनी चार हजाराच्या आसपास विकलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. किस्त मात्र बाराही महिने सारखी. गडबड इथंच आहे.

त्या महिन्यात घरात ७,५०० येणार होते. किराणा, सिलिंडर, लाइट बिल, सासूच्या गोळ्या, पोरीचा बसचा पास, सगळं धरून खर्च ५,३००. उरले २,२००. मागणारे ५,८०० चे.

आता २,२०० कोणाला द्यायचे? जो जास्त ओरडतो त्याला देतो आपण. तसं करू नका. ज्याची जेवढी किस्त त्या प्रमाणात वाटा. पहिल्याला ८६०, दुसऱ्याला ७८०, मोबाईलवाल्याला ५६०. बेरीज २,२००. याचा फायदा असा की तिघांनाही एकच उत्तर देता येतं : "सर, घर चालवून माझ्याजवळ एवढे उरतात आणि सगळ्याइले सारख्या प्रमाणात देऊन राह्यली. ही वही पाहा." वही दाखवणाऱ्या बाईसमोर आवाज चढवणं अवघड जातं. मी पाहिलं आहे.

एक अपवाद. सोनं गहाण ठेवून कर्ज काढलं असेल तर त्याचं व्याज आधी पाहा, कारण तिथं दागिन्याचा लिलाव होऊ शकतो. मायक्रोफायनान्सला गहाण काही नसतं. म्हणून "टीव्ही उचलतो, सिलिंडर उचलतो" म्हणणाऱ्याला तसा काहीच हक्क नाही.

दुसरी गोष्ट याच वहीतून निघाली. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की घरावरच्या सगळ्या कर्जांच्या किस्ती मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको. १०,००० चे निम्मे ५,०००. आणि किस्ती ५,८००. म्हणजे शेवटचं कर्ज देताना कोणीतरी डोळे मिटले. अर्जावर घराचं उत्पन्न किती लिहिलं ते विचारा. बऱ्याच वेळा आपण सही करतो आणि आकडा दुसरंच कोणी भरतं. यानं कर्ज माफ होत नाही, हे आधीच सांगते. पण शाखेत बसून मुदत वाढवून मागताना हा मुद्दा ठेवला की समोरचा माणूस जरा सरळ बसतो.

कोणाशी बोलायचं

इथं माझी एक चूक सांगते. नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी मी एका ताईसाठी फील्ड ऑफिसरशी फोनवर बोलले. तो भला होता. "मॅडम, तीन महिने अर्धी किस्त चालेल" म्हणाला. मी खूश. ताईलाही सांगून टाकलं. दोन महिन्यांनी त्याची बदली झाली, नवीन सर आले. त्यांच्याजवळ काहीच नोंद नव्हती. त्यांच्या हिशेबानं ताईनं दोन महिने किस्त बुडवली होती. चार बायांसमोर ते तिला नको ते बोलले. ताई माझ्याकडं पाहत होती. मी काय बोलणार? माझ्याजवळ एक चिठ्ठीसुद्धा नव्हती.

फील्डवरच्या सरांना किस्त कमी करायचा अधिकार नसतो. तो शाखा व्यवस्थापकाला किंवा त्याच्याही वर असतो. सर फक्त वर कळवू शकतात. म्हणून सरांशी बोला गोडीनं, पण अर्ज द्या शाखेत. असा :

"मा. शाखा व्यवस्थापक यांस, माझ्या कर्ज खात्याची (क्रमांक लिहा) किस्त रु. २,२७० आहे. घरचं उत्पन्न कमी झाल्यामुळं सध्या पुरी किस्त भरणं शक्य नाही. मी दरमहा रु. ८६० सोयाबीन येईपर्यंत भरीन. त्यानंतर उरलेल्या कर्जाची मुदत वाढवून किस्त कमी करून मिळावी. कर्ज बुडवण्याचा माझा विचार नाही. लेखी उत्तर द्यावे."

खाली सही, तारीख. दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती कार्डाला टाचून ठेवा. किस्त भरणं जड जाणाऱ्या कर्जदाराला ओळखून तिच्याशी बोलायची आणि मार्ग सांगायची व्यवस्था प्रत्येक संस्थेनं ठेवावी, असं त्याच निर्देशांत आहे. आपण भीक मागत नाही.

मुदत वाढवून मिळाली तर काय पडतं तेही पाहा. समजा २४,००० शिल्लक आहेत आणि व्याज वर्षाला २४ टक्के, आपल्या भाषेत शेकडा दोन. १२ महिन्यांत फेडायचे तर किस्त सुमारे २,२७०. १८ महिने केले तर किस्त सुमारे १,६००. महिन्याला ६७० मोकळे झाले, पण एकूण व्याज सुमारे १,५८० जास्त गेलं. माझ्या मते हा सौदा बरा आहे. चौथं कर्ज काढण्यापेक्षा तर हजार पटीनं बरा. दंड लावला तर तो थकलेल्या रकमेवरच लावता येतो, पुऱ्या कर्जावर नाही. कार्ड घेऊन बसा आणि तपासा.

सेंटरवर

आम्ही त्या ताईसोबत बैठकीत आधी सराव केला. मी सर झाले, ती ती. पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्दच निघेना. तिसऱ्यांदा जमलं. खऱ्या सेंटरवर असं झालं :

"आठशे साठ रुपये घेऊन मी काय करू ताई? मले वर जवाब द्यावा लागते."

"सर, पुरी किस्त नाई. हे आठशे साठ घ्या, कार्डावर लिहा. शाखेत अर्ज देला, ही पोच."

"पुरी काढा. नाईतर बाकीच्या चौघीइले उठू देत नाई."

ती गप्प बसली. इथं बाकीच्या चौघींचं काम होतं. आदल्या संध्याकाळी ती त्यांच्या घरी जाऊन आकडा सांगून आली होती, म्हणून त्या भडकल्या नाहीत. त्यातली एक म्हणाली, "सर, आमच्या किस्ती घ्या अन् पावत्या द्या. आम्हाले निंदाले जायचं हाय." आणि उठली. बाकीच्या तिघीही उठल्या.

आदल्या संध्याकाळी सांगितलं नसतं, तर हेच भांडण पाच बायांचं झालं असतं आणि सर बाजूला बसून पाहत राहिले असते. ग्रुप लोनमध्ये सर्वात मोठा दाब सरांचा नसतो, शेजारणीचा असतो. म्हणून शेजारणीशी आधी बोला. कोणी तुमच्यासाठी भरलेच तर तेही वहीत लिहा आणि फेडा. आणि खरं सांगू का, आपल्या स्वतःच्या बचत गटातही थकलेल्या बाईला आपण काय काय बोलतो, ते एकदा आठवा. "हिच्यापायी आपलं बँक कर्ज अडते" हे तिच्या सासूसमोर म्हणणारी मी दोन गटांत ऐकली आहे.

पैसे देताना पावती किंवा कार्डावर सही घेतल्याशिवाय हात सैल करू नका. फोन पे करायचं असेल तर कंपनीच्याच खात्यावर. सरांच्या स्वतःच्या नंबरवर नाही, ते कितीही ओळखीचे असले तरी. अर्धी रक्कम घ्यायला नकार दिला तर "घेत नाही असं लिहून द्या" म्हणा. लिहून देत नाहीत, पण बरेच जण मग घेतात.

सरांबद्दलही दोन शब्द. माझ्यासोबत समाजकार्य शिकलेला एक मुलगा आज वसुलीला फिरतो. टार्गेट पुरं नाही झालं तर त्याचा पगार कापला जातो, त्याच्या घरीही कर्ज आहे. त्याला शिव्या देऊन आपली किस्त कमी होत नाही. माणसाशी नीट बोला, आकडा मात्र सोडू नका.

कोणती धमकी खरी, कोणती खोटी

"जेल होईल." खोटं. किस्त थकली म्हणून पोलीस धरून नेत नाहीत, हा दिवाणी व्यवहार आहे. पण सही करून चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला तर वेगळा खटला होऊ शकतो. म्हणून कोरा चेक कोणालाही देऊ नका.

"रेशन बंद करू, लाडक्या बहिणीचे पैसे बंद करू." खोटं. कंपनीच्या हातात ते नाही.

"सिबिल खराब होईल." हे खरं आहे. थकबाकीची नोंद होते आणि पुढं कर्ज मिळायला अडचण येते. आपला रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मागता येतो. कंपनी एकरकमी कमी पैशात मिटवायला तयार झाली तर रिपोर्टवर "सेटल्ड" असं येऊ शकतं, ते पुरं फेडल्यासारखं धरत नाहीत. काहीही झालं तरी शेवटी बेबाकी दाखला घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका.

सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणं, पुन्हा पुन्हा फोन करून छळणं, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणं, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर करणं, मारहाणीची धमकी, हे सगळं मायक्रोफायनान्सच्या वसुलीत मना आहे. झालं तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार नंबरवर सांगा, तो कर्ज कार्डावर छापलेला असायलाच पाहिजे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी नंबर १४४४८. अंगावर आला तर मात्र ३० दिवस थांबायचं नाही, सरळ ११२.

लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरून फाडू नका. जा, तिथं आपला आकडा सांगता येतो. फक्त तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या निकालासारखी असते, म्हणून झेपेल तेवढ्यालाच सही. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन १५१००.

दोन वाटा टाळायच्या

एक, किस्त भरायला गावातल्या खासगी सावकाराकडून शेकडा पाच, शेकडा दहानं पैसे घेणं. महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ चा आहे. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था कार्यालयात करता येते. पण तक्रारीपर्यंत वेळ येऊच का द्यायची?

दोन, "भरूच नका, माफ होणार आहे." हे मोठ्या बायांना आठवत असेल. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या. हातात चालणारी नोट नाही, मजुरी नाही, आणि किस्त दर आठवड्याला. विदर्भात बायांनी मोर्चे काढले. त्रास खरा होता, राग खरा होता. पण त्यासोबत गावोगाव अफवा फिरली की मायक्रोफायनान्सचं कर्ज माफ झालं. माफी काही झाली नाही. २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफीतही हे कर्ज नव्हतं. ज्यांनी त्या भरवशावर किस्ती बंद केल्या, त्यांचीच नावं थकबाकीत गेली. २०२५ ला कर्नाटकानं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, त्याचे व्हिडिओ आपल्याकडं फिरले. तो त्या राज्याचा आहे, आणि त्यातही नोंदणी असलेल्या कंपन्यांचं कर्ज माफ झालेलं नाही. असा व्हिडिओ आला तर पुढं पाठवण्याआधी मला विचारा.

ग्रामसंघाकडून कर्ज घेऊन कंपनीचं फेडावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. माझं उत्तर : एक कर्ज पुरं बंद होत असेल आणि कार्डावर "बंद" लिहून मिळत असेल तरच. नुसती एक किस्त ढकलायला नको. आणि जोखीमप्रवणता निधी हा आजारपणासाठी, चूल थंडावलेल्या घरासाठी आहे, कंपनीसाठी नाही.

त्या ताईचं पुढं काय झालं? पहिल्या कंपनीनं १८ महिने करून दिले, लेखी. त्यासाठी शाखेत तीन चकरा माराव्या लागल्या. दुसरीनं मुदत वाढवली नाही, पण सोयाबीन येईपर्यंत कार्डावर सही करून अर्धे पैसे घेत राहिली. मोबाईलवाल्यानं काहीच ऐकलं नाही, दंड लावला. तीस हजाराचं चौथं कर्ज तिनं घेतलं नाही. ती आता सेंटरवर जाते. सासू अजून कधीकधी मोटारसायकलचा आवाज आला की दार लोटते.

तुमच्या गटात कोणी गप्प गप्प राहत असेल, बैठक टाळत असेल, "आता जगून काय" असं बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका. १४४१६ या नंबरवर रात्रीही बोलता येतं. मलाही फोन करा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपली सगळी कर्ज कार्डं आणा. दडवून ठेवलेलंसुद्धा. नवऱ्याला माहीत नसलेलंसुद्धा, ते मी वाचून दाखवणार नाही. एक वही, एक पेन. मागच्या महिन्यात घरात किती आले आणि किती गेले ते लिहून आणलं तर उत्तम. नाही जमलं तर तिथं बसून लिहू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरीला सोबत आणा.

— क्षेत्र समन्वयक, शेलूबाजार